साडेआठ नंबरचा हात

ओरेस्ते पेरोताला माणसाचा चेहरा लक्षात राहायचा नाही, हात राहायचा. अमेरिकेतल्या ग्लव्हर्सव्हिलच्या रस्त्यात कुणी हाक मारली की तो आधी खाली बघायचा. पावणेनऊ नंबर, करंगळी आखूड. मग त्याला नाव आठवायचं. चर्चमध्ये शवपेटीपुढे गुडघे टेकले तरी त्याची नजर मयताच्या छातीवर जुळवलेल्या हातांवर जायची, आणि बाहेर पडताना तो बायकोच्या कानाशी म्हणायचा, "आठ होता. जन्मभर साडेआठ घालून फिरला, गाढव."

छत्तीस वर्षं तो हातमोजे कापत होता. हातमोज्यांच्या त्या गावात कापणाऱ्यांतही प्रतवारी होती, आणि ओरेस्ते सगळ्यात वरचा होता. मेजावर कापणारा. ओलसर कातडं मेजाच्या कडेवरून ओढायचं, ते किती ताणलं जाईल आणि घातल्यावर कुठे सैल पडेल हे बोटांनी ओळखायचं आणि मगच कात्री लावायची. यंत्राच्या ठशाने धडाधड कापणाऱ्यांना तो बिस्किटवाले म्हणायचा. त्यांच्याबरोबर डबा खायला बसायचा नाही. बायकांचे मोजे तो नाइलाजाने कापायचा. लहान मुलांचे त्याने कधी कापलेच नाहीत. वर्षभरात जे हात मोठे होऊन जाणार, त्यांच्यावर कात्री कशाला झिजवायची, असं त्याचं म्हणणं. मालकानेही कधी आग्रह केला नाही, कारण ओरेस्तेला आग्रह केला की तो कात्री खाली ठेवायचा.

कारखाना ऐंशी साली बंद पडला. मोजे तैवानहून येऊ लागले होते. ओरेस्ते तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता, पेन्शनला अजून चार वर्षं होती. दीड-दोन वर्षं तो घरी बसला, म्हणजे इडाच्या, त्याच्या बायकोच्या, स्वयंपाकघरात बसला आणि तिच्या घेवड्याच्या पास्त्यात खोड्या काढू लागला. ब्याऐंशीच्या मार्चमध्ये तिनेच पेपरातली जाहिरात कापून त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"जा तिथे," ती म्हणाली. "नाहीतर मी जाते, आणि तू घेवडा शिजव."

जागा तीच जुनी होती. मोज्यांच्या कारखान्याचे वरचे दोन मजले वॉरन लोमॅक्स नावाच्या माणसाने भाड्याने घेतले होते. लोमॅक्सने आधी केस वाळवायची यंत्रं विकली होती, त्याआधी मत्स्यालयाचे दिवे. आता सगळा देश टीव्हीला डबा जोडून रणगाडे आणि अंतराळयानं उडवत होता, म्हणून तोही टीव्हीवर खेळायचा डबा काढणार होता. ओरेस्तेला काम मिळालं तपासनिसाचं. नमुन्याच्या पहिल्या खेपेतला प्रत्येक कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचा तो तुकडा, वायरीने डब्याला जोडायचा, सगळी बटणं पाच-पाच वेळा दाबायची आणि खोक्यात भरायचा.

पहिला कंट्रोलर ओरेस्तेने उलटसुलट करून बघितला. तो नेमका काय आहे हेच त्याला कळेना. विटेएवढा लांब आणि पुस्तकासारखा चपटा. तोंडावर टेलिफोनसारखी बारा बटणं. त्यांच्या खाली एक गोल चकती, जिकडे दाबाल तिकडे यान वळणार. दोन्ही कडांना काडेपेटीतल्या काडीएवढी बटणं, गोळ्या झाडायला. एका हाताने उभा धरायचा, त्याच हाताच्या अंगठ्याने कडेचं बटण दाबायचं आणि दुसऱ्या हाताने चकती फिरवायची. वर लाकडाच्या रेघांचा कागद चिकटवलेला. वायर कुरळी आणि इतकी आखूड, की खेळणाऱ्याने टीव्हीच्या पायाशी मांडी घालून बसावं.

"हे धरायचं कुणी?" त्याने शेजारच्या बाईला विचारलं.

"मला काय विचारता? त्या न्यूयॉर्कवाल्याला विचारा."

न्यूयॉर्कवाला म्हणजे ब्रँट कीलर. मंगळवारी आणि गुरुवारी गाडीतून यायचा. एकतीस वर्षांचा, उंच, मानेपर्यंतचा काळा स्वेटर मे महिन्यातही अंगात. कंट्रोलरचं रूप त्याने ठरवलं होतं, आणि ते ठरवताना त्याच्या डोळ्यांपुढे माणूस नव्हता, डबा होता. डब्याच्या पाठीवर दोन खाचा होत्या. खेळून झालं की दोन्ही कंट्रोलर त्या खाचांत बसायचे. रेघेला रेघ जुळायची, लाकडाला लाकूड. कीलर ते बसवून दाखवायचा तेव्हा त्याचा चेहरा देवघरात समई लावल्यासारखा उजळायचा. खाचेत कंट्रोलर सुंदर बसत होता. हातात बसत नव्हता, पण ती गोष्ट कीलरच्या कागदावर नव्हती.

"मिस्टर पेरोता," तो एकदा समजावणीच्या सुरात म्हणाला, "ही मापं काही हवेतून नाही आली. लष्कराचे तक्ते आहेत. चार हजार हात मोजलेत. हा सरासरी हातावर बेतलाय."

"सरासरी हात?" ओरेस्तेने मान वर केली. "छत्तीस वर्षं मेजावर होतो. सगळे येऊन गेले, तो नाही आला कधी. कुठे राहतो?"

बायका हसल्या. कीलरही हसला, उशिरा आणि थोडंसंच.

तिसऱ्या आठवड्यात ओरेस्तेचा अंगठा सुजला. दिवसाला दोनशे कंट्रोलर, प्रत्येकाची कडेची चार बटणं, प्रत्येक पाच वेळा. कंट्रोलरची कडा अंगठ्याच्या बुडाशी, मांसल भागात, रोज त्याच जागी रुतायची. शेजारच्या बायकांनी अंगठ्यांना चिकटपट्ट्या गुंडाळल्या. ओरेस्तेने घरून शेळीच्या मऊ कातड्याचा तुकडा आणला आणि दोन मिनिटांत अंगठ्याला टोपी कापली. मग सगळ्यांनाच कापून दिल्या. कीलरने त्या टोप्या पाहिल्या आणि विचारलं, "हे कशाला?"

"तुमच्या कलेपासून बचाव," ओरेस्ते म्हणाला.

जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांचे खरेदीदार माल बघायला आले. चार सूट, एक फुलाफुलांचा टाय. लोमॅक्स त्यांना रांगेवरून फिरवत होता. कीलरने खाचेत कंट्रोलर बसवून दाखवला. फुलाफुलांचा टाय म्हणाला, "वा, अगदी शिल्प आहे हो."

"बरोबर बोललात," ओरेस्ते आपल्या बाकावरूनच म्हणाला. "शिल्पाला हात लावायचा नसतो. ह्याला लावून बघा, कळेल."

सगळी रांग थांबली. खरेदीदारांपैकी एकाने खरंच कंट्रोलर उचलला, दोन मिनिटं रणगाडा चालवला आणि खाली ठेवून हात झटकला. लोमॅक्सने तो झटका बघितला.

पाहुणे गेल्यावर त्याने ओरेस्तेला केबिनमध्ये बोलावलं. कीलर आधीच तिथे उभा होता, कानापर्यंत लाल.

"मी तुला आत्ताच्या आत्ता काढू शकतो," लोमॅक्स म्हणाला.

"काढा. कडेची बटणं तुम्ही दाबा."

"गप्प बस, पेरोता. मोठ्या खेपेचे साचे ऑगस्टमध्ये कापायचेत. तोपर्यंत बदल होऊ शकतो. तुला एवढं कळतंय ना? मग तू करून दाखव. महिना देतो. मुलं बोलावू, दोन्ही पुढ्यात ठेवू. जे बसेल ते बसेल."

"वॉरन, हा मोजे कापणारा माणूस आहे," कीलर म्हणाला.

"आणि हा चित्रं काढणारा," ओरेस्ते म्हणाला.

त्या महिन्यात ओरेस्ते जितका खूश होता, तितका इडाने त्याला वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. त्याने तळघरातलं मेज पुसून काढलं. ओल्या मातीचा गोळा पातळ कातड्यात बांधला, मुठीत धरला, दाबला, सोडला, परत धरला. बोटांनी कातड्यावर जे खळगे पाडले, ते लाकडात कोरून काढले. तळव्यात बसणारा एक लांबट, फुगीर दांडा झाला. तर्जनीखाली गोळ्यांचं बटण, बोट जिथे आपोआप पडतं तिथेच. डोक्यावर आखूड दांडी, दुसऱ्या हाताच्या तीन बोटांत धरायला. बारा बटणं त्याने सरळ उडवली. "टेलिफोन करायचा असेल तर टेलिफोन आहे ना घरात." लाकूड घासून घासून त्याने कातड्यासारखं मऊ केलं. कारखान्याच्या विजेच्या माणसाने आत तारा भरून दिल्या. डोळे मिटून हातात घेतलं तर ते आहे हेच कळत नव्हतं. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, असं त्याला वाटलं, आणि खोटं नव्हतं.

"मला दे बघू," इडा म्हणाली.

"तुला काय करायचंय? तू खेळणार आहेस?"

तिने हात मागे घेतला.

जुलैमधल्या एका शनिवारी कारखान्याच्या जेवणघरात दोन टीव्ही लावले. चर्चच्या शाळेतली बारा मुलं आली, सात ते तेरा वर्षांची. त्यांना आणायला शिक्षिकेबरोबर इडाही होती, बडीशेपेची बिस्किटं घेऊन. एका टीव्हीला कीलरचा कंट्रोलर, दुसऱ्याला ओरेस्तेचा. लोमॅक्स वही घेऊन बसला.

पहिलं कारटं ओरेस्तेच्या टीव्हीपुढे बसलं. त्याने दांडा मुठीत घेतला आणि त्याची बोटं पलीकडे पोचलीच नाहीत. तर्जनी बटणाच्या अलीकडे अर्धा इंच लोंबकळत राहिली. त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला, तेव्हा वरची दांडी हलवायला हात उरला नाही. शेवटी त्याने तो मांडीत खोचला आणि वरून दोन्ही हातांनी बडवायला लागला. दुसरा मुलगा डावखुरा होता. दांडा उजव्या मुठीचाच होता, डाव्यात तो उलट्या बुटासारखा टोचत होता. तिसरीने दोनदा पाडला. चौथा म्हणाला, "हे माझ्या बाबांचं आहे का?"

ओरेस्ते उभा होता, हाताची घडी घालून, आणि त्याच्या डोळ्यांपुढे चोवीस हात होते. पाच नंबर, पावणेपाच, साडेचार. तो मोजत होता. महिनाभर आधी मोजायला हवं होतं ते आत्ता मोजत होता.

कीलरच्या टीव्हीपुढे फार वेगळं काही चाललं नव्हतं. मुलं अंगठा चोखत होती. "दुखतंय," असं दोघांनी सांगितलं. मग ॲनमरी नावाची नऊ वर्षांची मुलगी बसली, समोरचे दोन दात नसलेली. तिने कीलरचा कंट्रोलर एका हातात उभा धरून बघितला, तोंड वाकडं केलं आणि सरळ आडवा फिरवला. दोन्ही हातांनी दोन टोकं धरली, सँडविच धरतात तशी. डावा अंगठा चकतीवर, उजवा अंगठा बटणांवर. कडेच्या बटणांचं काम आकड्यांचं बटणही करत होतं, हे तिने दाबून दाबून शोधलं. चकती आडवी झाल्याने वर दाबलं की रणगाडा डावीकडे जायचा. तेही तिने दोन मिनिटांत अंगवळणी पाडलं. आणि ती रणगाडे उडवत सुटली. बाकीची मुलं तिच्या पाठीशी गोळा झाली.

"तसं नाही धरायचं!" कीलर ओरडला.

त्याच क्षणी ओरेस्तेही तेच ओरडला. दोघांचा आवाज एकात एक मिसळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही तोंड फिरवलं. ॲनमरीने घाबरून कंट्रोलर खाली ठेवला. परत उचलला तेव्हा एका हातात, उभा, सांगितला तसा. पुढच्याच गोळ्याला तिचा रणगाडा फुटला.

लोमॅक्सने वही मिटली. पेरोताचं मुलांना धरता येत नाही. कीलरचं दुखतं, पण धरता येतं. आणि डब्याला खाचा कीलरच्या मापाच्याच आहेत. संपला विषय.

घरी परतताना ओरेस्तेने गाडीत कीलरला शिव्या घातल्या, मग लोमॅक्सला, मग मुलांना. आजकालच्या मुलांच्या हातात जोरच नाही. वाढवतात कशी, दूध नाही, मांस नाही, नुसती साखर. इडा खिडकीबाहेर बघत होती. घराच्या दारात गाडी थांबली तरी ती उतरली नाही.

"तू आणि तो स्वेटरवाला," ती म्हणाली, "एकाच कातड्यातून कापलेले आहात."

"काय म्हणालीस?"

"त्याने डब्यासाठी केलं, तू स्वतःसाठी. तुझा हात साडेआठ आहे, म्हणून जगाचा साडेआठ. आणि ती पोर तुम्हा दोघांना फुकटात शिकवत होती, तर दोघं मिळून तिच्यावर भुंकलात."

"तिला धरायची पद्धत माहीत नव्हती."

"तिला तेवढंच माहीत होतं, ओरेस्ते."

ती उतरून आत गेली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. असं कुणी बोललं की दुसऱ्या दिवसापासून तो त्या माणसाशी बोलणं बंद करायचा, आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. पण इडाशी बोलणं बंद करून राहायचं कुठे?

दोन दिवसांनी त्याने टेप आणली आणि स्वयंपाकघरात तिच्यापुढे धरली. "हात दे."

"कशाला?"

"लहान हात हवाय. दे."

तिने ओला हात ॲप्रनला नव्हे, त्याच्याच शर्टाला पुसला आणि पुढे केला. त्याने मनात आधीच आकडा धरला होता, सहा. अडतीस वर्षं तो हात शेजारी होता, मोजायची गरजच पडली नव्हती. टेप बोटांच्या मुळांभोवती फिरवली तर आकडा आला सव्वासात. त्याला वाटलं टेप सरकली. परत फिरवली. सव्वासात. मग त्याने हात उजेडात धरला. सांधे गाठाळलेले, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं. त्याने कापलेले मोजे तीस वर्षं घरी बसून शिवले होते तिने, बोटाबोटांमधली ती अरुंद पट्टी शिवताना अंगठ्याने सुई रेटून रेटून. गावातल्या बँकेच्या मॅनेजरचा नंबर त्याला पाठ होता. हा नव्हता.

"अशा हाताला तू मोजे कुठले घालतेस?" त्याने विचारलं.

"तुमच्या कारखान्याच्या रद्दीतले. डागाचे. नंबर बघून कोण देतंय?"

तो टेप गुंडाळत राहिला, गुंडाळून झाल्यावरही.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. सुट्टीच होती, पण चर्चच्या अंगणात मुलं खेळायला यायची. शिक्षिकेची परवानगी काढून त्याने एकेकाचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली. ॲनमरी पुढे यायला तयार नव्हती. तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी उगाच ओरडलो. तू धरलंस ते बरोबर होतं. मला दाखव परत." तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं, मग त्याच्या जेवणाच्या डब्याचं झाकण घेऊन दाखवलं. दोन्ही हातांत, दोन अंगठे वर.

या वेळचं लाकूड लहान होतं आणि चपटं होतं, कडा गोल, दोन्ही बाजूंना थोडी फुगवटी. डाव्या अंगठ्याला चकती, उजव्याला दोन बटणं. बाकी काही नाही. इडाच्या गाठाळ हातात ते बसलं, ॲनमरीच्या पावणेपाचात बसलं आणि ओरेस्तेच्या साडेआठातही, जरा अंग चोरून, बसलं. कापलेल्या कामात त्याला स्वतःचा हात पहिल्यांदाच पाहुणा वाटला.

ऑगस्टच्या बारा तारखेला तो ते घेऊन लोमॅक्सकडे गेला. लोमॅक्सने हातात घेतलं, दोन्ही अंगठे फिरवले, आणि त्याचा चेहरा क्षणभर खरोखर बदलला. मग त्याने ते टेबलावर ठेवलं.

"साचे शुक्रवारी कापून झाले," तो म्हणाला. "पोलादाचे आहेत, पेरोता. कातडं नव्हे."

"चार आठवड्यांपूर्वी—"

"चार आठवड्यांपूर्वी तू मला सोटा आणून दिलास."

ओरेस्तेने लाकूड उचलून खिशात घातलं.

नाताळात माल दुकानांत गेला. एका मासिकाने कीलरच्या डब्याचा पानभर फोटो छापला, कंट्रोलर खाचेत बसलेले, आणि दिसण्याबद्दल त्याला एक बक्षीसही मिळालं. काचेचा तुकडा, खाली पितळी पट्टी. हात त्या फोटोत कुठेच नव्हता. जानेवारीत परतीची खोकी येऊ लागली. काही चिठ्ठ्या आयांनी लिहिल्या होत्या. एकीने मुलाच्या अंगठ्यावरच्या फोडाचं चित्र काढून पाठवलं होतं, शाईने, मापासकट. ओरेस्तेने ती चिठ्ठी सूचनाफलकावर लावली. कुणीतरी काढली. त्याने परत लावली.

कीलर शेवटचा आला तो त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात, आपलं कपाट रिकामं करायला. त्याला कनेक्टिकटमध्ये कॉफीच्या यंत्रांचं काम मिळालं होतं. खोकं काखेत धरून तो ओरेस्तेच्या बाकापाशी थांबला.

"एक विचारू? खरं सांगा, माझ्या हाताला तो कधीच टोचला नाही. तुम्ही सगळे नाटक करता असं वाटायचं मला."

दीड वर्षं ओरेस्ते या घटकेची वाट बघत होता. त्याच्याकडे निदान तीन चांगली वाक्यं तयार होती. त्याऐवजी त्याने कीलरचा हात धरला आणि उलटा केला. लांब, सुका, हाडाळ, अंगठ्याच्या बुडाशी मांसच नाही.

"टोचणार कुठे?" तो म्हणाला. "इथे काही असेल तर टोचेल ना. असे हात मी हजारात तीन बघितले. साडेनऊ, पियानोवाल्याचे. तुमच्यासाठी झकास झाला होता तो. आपण काढलेले चाळीस हजार डबे तुम्ही एकट्यानेच घ्यायला हवे होते."

कीलर ओशाळून हसला. "आणि तुमचा? तो दांडा?"

"तो माझ्यासाठी झकास होता." ओरेस्तेने त्याचा हात सोडला. "जा आता. कॉफीचं यंत्र कराल तेव्हा हाताने धरायला जागा ठेवा. लोक भाजतील."

पुढच्या वसंतात लोमॅक्सचं दुकान उठलं. एकटं त्याचंच नाही, देशभर टीव्हीवरच्या खेळांची हवा गेली होती. उरलेला माल ट्रकांनी गावाबाहेरच्या कचराभूमीवर नेला. लोमॅक्स पोहायची तळी बांधायच्या धंद्यात गेला. ओरेस्तेला पेन्शन लागली.

त्यानंतर न्हाव्याच्या दुकानात कुणी त्या दोन वर्षांबद्दल विचारलं, की ओरेस्ते आधी कीलरवर घसरायचा. त्याचा स्वेटर, त्याचे तक्ते, त्याचा काचेचा तुकडा. ते सांगण्यात केस कापून व्हायचे. मग लोमॅक्सवर यायचा, तोवर दाढी व्हायची. एखादं चिवट गिऱ्हाईक त्यानंतरही बसून राहिलंच, तर तिसऱ्या एका मूर्खाबद्दल सांगायचा. ज्याला गावातल्या प्रत्येकाच्या हाताचा नंबर पाठ होता म्हणे, आणि तरीही ज्याने मुलांचं खेळणं आपल्या मुठीवर कापलं. त्या मूर्खाचं नाव तो घ्यायचा नाही. त्याच्याबद्दल तो दोनच वाक्यं बोलायचा, टोपी घालायचा आणि घरी जायचा.